साखळीतली तिसरी जागा

"सातही आहेत," मुळगुंद सर म्हणाले. "सुरू कर."

पडद्यावर सहाच होते.

मी पुन्हा मोजले. काळ्या पडद्यावर एका ओळीत पांढरे ठिपके. आधी दोन, मग एक रिकामी जागा, मग चार. प्रत्येक ठिपका म्हणजे कॅल्शियमचा एकेक आयन, निर्वात पेटीत विद्युतक्षेत्राने अधांतरी धरून ठेवलेला आणि लेझरने थंड केलेला. तिसऱ्या जागेवर उजेड नव्हता, पण शेजारचे दोघे तिथे कुणीतरी बसलेलं असावं तसे अंतर राखून उभे होते. आणि तिथे खरोखरच कुणीतरी होतं. पेटीत उरलेल्या हायड्रोजनशी आयनाचा संयोग झाला की तो प्रकाश द्यायचं बंद करतो, जागा मात्र सोडत नाही. आम्ही त्याला काळा आयन म्हणायचो.

"सर, तिसरा दिसत नाहीये."

सरांनी मान किंचित वळवली, पडद्याकडे न बघता दाराकडे बघावं तशी. 

"येईल. पुष्कळदा येतो. तू सुरू कर."

मी सुरू केलं. काळा आयन कधीकधी परत उजळतो हे खरं होतं, आणि सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं यात मला शंका नव्हती.

तेव्हा मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच विद्यार्थी. माझा सीनियर जुनैद अत्तार, मिरजेचा, पाचवं वर्ष संपत आलेला, प्रबंधाची शेवटची आकडेवारी गोळा करणारा. आणि मी, हेमांगी सावर्डेकर, चिपळूणहून आलेली, लेझर जागेवर ठेवण्याचं काम गळ्यात पडलेली. डॉ. विद्याधर मुळगुंद आमचे गाइड. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. ही सगळी यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केली होती. सरांनी कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. फार खूश असले तर "चालेल" म्हणायचे.

आमचा प्रयोग सांगायला तसा सोपा होता. प्रत्येक आयन म्हणजे एक इवलासा लोहचुंबक मानायचा. लेझरच्या साहाय्याने शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर परिणाम होईल असं करायचं आणि शेवटी ते सगळे कसे रचले जातात ते बघायचं. असे पन्नास-साठ चुंबक झाले तर त्यांचं गणित मोठ्यात मोठ्या संगणकालाही झेपत नाही. मग ते गणित खऱ्या आयनांकडूनच करून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. आमच्याकडे सातच होते. सातांचं उत्तर संगणक चुटकीसरशी देतो. म्हणून आधी सातांवर आमचं यंत्र खरं बोलतं हे सिद्ध करायचं, मग संख्या वाढवायची. वाढवायची परवानगी एका समितीच्या हातात होती आणि ती समिती पुढच्या आठवड्यात यायची होती.

आणि नेमकं आमचं यंत्र खरं बोलत नव्हतं. म्हणजे काही दिवस बोलायचं, काही दिवस नाही. जुनैदने काढलेल्या आलेखावर अर्धे बिंदू संगणकाच्या रेषेवर बिनचूक बसायचे आणि अर्धे खाली घसरलेले असायचे. गेले दोन महिने आम्ही याच्याच मागे होतो. जुनैदचं म्हणणं, माझा लेझर सरकतो. माझं म्हणणं, इमारतीची लिफ्ट वरखाली होते तेव्हा चुंबकीय क्षेत्र हलतं. त्यावरून आम्ही भांडलो, मग लिफ्टवर पाटी लावून सगळ्या मजल्यांवरच्या लोकांना जिने चढायला लावले. चौथ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी आमच्या नावाने खडे फोडले. बिंदू घसरायचे ते घसरतच राहिले.

त्या सहा आयनांच्या सकाळनंतर मी एक गोष्ट केली, जी आम्हाला आधी सुचायला हवी होती. प्रयोग सुरू होण्यापूर्वी कॅमेरा साखळीचा एक फोटो आपोआप साठवायचा. मोजमाप मात्र फोटोवरून होत नसे. ते एकूण प्रकाश मोजणाऱ्या वेगळ्या यंत्रावरून व्हायचं. त्यामुळे फोटो पुन्हा कुणी उघडून बघत नव्हतं. मी बघितले. घसरलेल्या बहुतेक बिंदूंच्या फोटोंत एक जागा रिकामी होती. आणि ते सगळे बिंदू सकाळचे होते. सकाळी सर स्वतः आयन भरायचे आणि प्रयोग चालवायचे. दुपार जुनैदची.

मला वाटलं, सर हल्ली घाई करतात. त्याहून वेगळं काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहून गेलं. आदल्या संध्याकाळी मीच भिंग पुसून ते लावलं होतं. सर आले, बाह्या सारल्या आणि आरशांच्या बारीक फिरक्या हलवायला लागले. प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला त्यांनी वर्षभरापूर्वी एक छोटा स्पीकर जोडून घेतला होता. प्रकाश जास्त तशी त्याची टिकटिक जास्त. हात आरशावर असताना मान वळवून आकडे कशाला बघायचे, असं त्यांनी सांगितलं होतं आणि आम्हाला ते पटलंही होतं. टिकटिक वाढत गेली, मग एका लयीत स्थिर झाली. सर सरळ झाले, पडद्याकडे वळले.

पडदा कोरा होता. एकही ठिपका नाही, नुसता काळा.

"छान ओळ आहे आज," सर म्हणाले. "सुरू कर."

मी उठले, टेबलाच्या पलीकडे गेले आणि आवाज न करता झाकण काढलं. पडद्यावर सात ठिपके उमटले. सर तोवर हात पुसत होते. वीज अजून अंगावर पडायची आहे आणि केस मात्र उभे राहिलेत, असं काहीतरी मला झालं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जुनैदला कँटीनमागच्या कट्ट्यावर नेलं आणि सांगितलं. त्याने डबा उघडलाच नाही.

त्याला आधीपासून संशय होता. सरांनी गाडी चालवणं बंद केलं होतं, रिक्षाने यायचे. त्याच्या फॉर्मवर सही करताना रेघ सोडून भलतीकडेच सही केली होती. प्रबंधाचं प्रकरण वाचायला दिलं तर म्हणाले होते, तूच वाचून दाखव, ऐकताना चुका जास्त कळतात.

"मग तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

जुनैदने माझ्याकडे बघितलं नाही. समिती पुढच्या आठवड्यात आहे, म्हणाला. प्रयोगशाळेच्या प्रमुखाला दिसत नाही हे कळलं तर ते नवं यंत्र देतील का? आहे तेही दुसरीकडे हलवतील. आणि दोन महिन्यांची सकाळची आकडेवारी गेली तर त्याचा प्रबंध पुढे ढकलला जाणार. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या बहिणीचं शिक्षण अर्ध्यावर. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"समिती जाऊ दे," तो म्हणाला. "मग आपण दोघं मिळून बोलू. तोवर सकाळी तू तिथे थांब. साखळी तू बघ. काळा दिसला तर काहीतरी कारण काढून परत भर. त्यांना कळणारही नाही."

मी दोन दिवस तसं केलं. सर सात म्हणायचे, मी पडदा बघायचे, काळा आयन असला तर लेझर सरकलाय असं सांगून सगळे आयन सोडून द्यायचे आणि नवे भरायचे. आलेखावरचे बिंदू रेषेवर बसायला लागले. जुनैदने मला चहा पाजला. कामाच्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा लेझर सरकलाय म्हटलं तेव्हा सर म्हणाले, "हल्ली तुझा लेझर फार सरकतो."

आवाजात तक्रार नव्हती. थट्टाही नव्हती. ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते, हात फिरकीवर, चेहरा माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी रोखलेला. मी "हो सर" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. त्या दिवसाचे बिंदू छान आले. मला मात्र काही सुचेना. त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्या हाताशी उभं राहून मी त्यांना खोटं सांगत होते आणि ते ऐकून घेत होते.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. जुनैदला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने अडवलं असतं, आणि त्याने अडवलेलं मी ऐकलं असतं.

सर खुर्चीत नुसते बसले होते. समोर कागद नव्हता, संगणक बंद होता. मी आकडेवारीपासून सुरुवात केली. म्हटलं, घसरलेल्या बिंदूंचं कारण सापडलंय. सकाळच्या साखळ्यांत बऱ्याचदा एक आयन काळा असतो.

"मग तेव्हाच थांबवायचं होतंस."

"तुम्ही सात आहेत म्हणालात."

बाहेर कुणीतरी कूलरचं पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता उठून बाहेर जावं. उठले मात्र नाही.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही का?"

प्रयोगाची माहिती द्यावी तशा सुरात त्यांनी सांगितलं, "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. आत्ता तुझा चेहरा नाहीये. कान आहेत, आणि मागचं कपाट."

उजवा डोळा आधी गेला होता. डावा गेल्या वर्षी जायला लागला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागाचा आजार, वयाबरोबर येणारा. मुंबईला परिषदेला म्हणून जात ते खरं तर डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला जात होते. त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. सरळ रेषा वाकड्या दिसतात, म्हणाले, आणि बारीक ठिपके दिसतच नाहीत. आवाजावरून साखळी भरली की नाही एवढं कळतं. सातांतला एक काळा झाला तर आवाजात फरक पडतो, पण तो आपल्या कानाला कळेल एवढा नसतो, हे त्यांनाही माहीत होतं. जे येईल ते नशीब, असं धरून चालले होते.

"जुनैदला माहीत आहे?"

"हो."

"काय म्हणतो?"

"समिती होईपर्यंत बोलू नये म्हणतो."

"शहाणा आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तू आलीस."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी टेबलावरून हात फिरवून पाण्याचा ग्लास शोधला, प्यायले, जागेवर ठेवला.

"ती सकाळची आकडेवारी फेकू नका," ते म्हणाले. "ती खोटी नाही. तुम्ही तिची तुलना भलत्याच उत्तराशी करताय. मध्ये एक मुका बसलेला असेल तर बाकीचे सहा वेगळे वागणार. वागायलाच हवेत. फोटो आहेत ना? मग कुठली जागा काळी ते बघून वेगवेगळे ढीग करा. प्रत्येक ढिगाचं गणित नव्याने मांडा. काळा कुठे बसलाय ते धरून."

मी मान हलवली आणि मग लक्षात आलं की ती त्यांना दिसत नाही. "हो सर," म्हटलं.

"आता जा. मला जरा बसू दे."

जुनैदला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो बॅग उचलून हॉस्टेलला निघून गेला आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

समिती आली त्या सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. चार माणसं होती. अध्यक्ष डॉ. वैदेही राघवन, बंगळुरूच्या, स्वतः लेझरवर काम केलेल्या. सर त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आले आणि मला म्हणाले, आयन तू भर, मी बोलतो. आजवर पाहुण्यांसमोर त्यांनी कुणाला यंत्राला हात लावू दिला नव्हता. सातही आयन पहिल्याच खेपेला आले. ओळीत, एकसारखे उजळ. पाहुण्यांनी पडद्याजवळ येऊन बघितले.

जुनैदने आलेख दाखवला. घसरलेले बिंदू आम्ही लपवले नव्हते. सरांनीच सांगितलं होतं, जसं आहे तसं दाखवा. डॉ. राघवन यांनी अर्थातच त्यांच्यावर बोट ठेवलं. हे काय आहे?

जुनैद माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात सर म्हणाले, "त्या साखळ्यांत एक आयन काळा होता. त्या मी भरल्या होत्या. मला पडद्यावरचं दिसत नाही. वर्षभर दिसत नाहीये. हे या दोघांनी शोधून काढलं आणि मला सांगितलं."

इंग्रजीत म्हणाले होते, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून. डॉ. राघवन यांनी चष्मा काढून हातात धरला. "या दोघांनी" म्हणाले म्हणून जुनैदची मान खाली गेली होती.

मग डॉ. राघवन यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो डोळ्यांबद्दल नव्हता. काळ्या आयनाची जागा बदलली तर निकाल किती बदलतो, हे तुम्ही तपासलंत का? सर म्हणाले, सुरुवात केली आहे. मग ते दोघं त्यावर बराच वेळ बोलत राहिले आणि आम्ही बाजूला उभे.

मंजुरी मिळाली, पण सरांना नाही. प्रयोगशाळेची जबाबदारी बाहेरून आलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाकडे गेली, सरांचं नाव सल्लागार म्हणून खाली राहिलं. ते वर्षभर येत राहिले, मग यायचे थांबले. जुनैदचा प्रबंध सहाएक महिने लांबला. सकाळच्या सगळ्या साखळ्या आम्ही काळ्या जागेनुसार वेगळ्या केल्या, गणित पुन्हा मांडलं आणि घसरलेले बिंदू आपापल्या रेषांवर जाऊन बसले. ते त्याच्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण ठरलं. ते छापून आलं त्या दिवशी त्याने मिरजेहून मला फोन केला. वडील नुकतेच गेले होते. आम्ही त्या दुपारबद्दल बोललो नाही, पण त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखं बोलायला लागलो. हल्ली तो हैदराबादला एका लेझर बनवणाऱ्या कंपनीत आहे.

मी परदेशात काही वर्षं काढून परत आले. सरांकडे अधूनमधून जायचे. दिसणं जवळजवळ गेलं होतं, पण प्रकृती ठणठणीत. मी नव्या प्रयोगांबद्दल सांगायचे, ते मध्येच अडवून एखादा प्रश्न विचारायचे, ज्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचायचं. त्या दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले ते बरं केलं की वाईट, हे मी कधी विचारलं नाही. माझ्यामुळे त्यांची प्रयोगशाळा गेली, असं मला वाटायचं. त्याच वेळी, दुसरं काही करणं शक्य नव्हतं, असंही वाटायचं. दोन्ही बरोबर घेऊन मी जगत होते.

गेल्या वर्षी एकदा गेले तेव्हा सर घरी नव्हते. शेजारच्या गृहस्थांबरोबर फिरायला गेले होते. काकूंनी, सरांच्या पत्नींनी, मला बसवलं. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. सरांच्या मानाने बोलक्या, पण माझ्याशी नेहमी बेताचं बोलायच्या. त्या दिवशी चहा ठेवून समोर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे का, मी तुझ्यावर किती वर्षं रागावले होते?"

मी म्हटलं, प्रयोगशाळा गेली म्हणून ना?

"छे. प्रयोगशाळेचं काय." त्यांनी कपाची बशी सरळ केली. "तू त्यांच्याशी बोललीस ना, त्या संध्याकाळी ते घरी आले आणि मला म्हणाले, मला दिसत नाही. आज हेमांगीला सांगितलंय, आता तुला सांगतो. तोवर मला माहीतच नव्हतं."

मी उचललेला कप खाली ठेवला.

"मुंबईची परिषद, मला परिषदच वाटायची," काकू म्हणाल्या. "पेपर वाचायचे थांबले, तर म्हणायचे, बातम्या वाचण्यासारख्या राहिल्यात कुठे. मी हसायचे. ताटात भाजी रोज त्याच जागी लागायची त्यांना. मला वाटायचं, वयाबरोबर हट्टी झालेत. एका घरात राहून मला कळलं नाही आणि तुला कळलं. परक्या मुलीला आधी सांगितलं. तो राग होता."

"मग?"

"मग एकदा त्यांनाच विचारलं. म्हटलं, तिला सांगितलंत, मला का नाही? तर म्हणाले, तिने विचारलं. म्हणाले, वर्षभर मी वाट बघत होतो, कुणी विचारतंय का. आपण होऊन तोंड उघडवत नव्हतं. विचारलं असतं कुणीही, तर सांगितलं असतं. तू एकटी विचारायला गेलीस."

मी चहा प्यायले. गार झाला होता. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"एवढंच करायचं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मला सुचलं नाही."

जिन्यावर पावलं वाजली. शेजाऱ्यांनी सरांना दारापर्यंत सोडलं. सर चपला काढून आत आले, हात भिंतीला, चेहरा आमच्या रोखाने.

"कोण आलंय गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकू मला हाताने थांब म्हणाल्या, उठल्या आणि त्यांना धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं.

"तुम्हीच विचारा," त्या म्हणाल्या.